दाखवायचं तेल

तेराव्यांदा साबण झाला.

घ्या! डिझेल करायला बसलेली पोरगी, आणि इतक्या महिन्यांच्या मेहनतीनंतर पदरात काय, तर साबण. तोही अंगाला लावता येणार नाही असला. अपेक्षा पोकळेने स्टँडवरचं काचेचं फनेल हलवून पाहिलं, खिडकीच्या उजेडात निरखून पाहिलं, शेवटी मनातल्या मनात एक सणसणीत शिवी घालून पाहिली. फनेल ढिम्म. खरं तर त्यात दोन थर पडायला हवे होते. वर पिवळंधमक डिझेल, खाली काळसर ग्लिसरीन. तोटी उघडायची, खालचं सोडून द्यायचं, वरचं मोजायचं आणि वहीत आकडा लिहायचा. त्याऐवजी आत एकच पांढुरका लगदा बसला होता, गार झालेल्या पिठल्यासारखा. आणि सबमिशनला उरले होते आठ दिवस.

इंडस्ट्रियल केमिस्ट्रीच्या एम.एस्सी.चं तिचं शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्टचा विषय तिनेच निवडलेला: हातगाड्यांवर तळून तळून काळं झालेलं तेल गटारात ओतण्यापेक्षा त्याचं बायोडिझेल करायचं. विषय ऐकून पहिल्यांदा सगळे हसले होते. मग ऑगस्टमध्ये तिने पहिलाच प्रयोग केला आणि बाण्णव टक्के डिझेल काढून दाखवलं. पहिल्या फटक्यात बाण्णव! हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. गाइड आपटे मॅडमनी तर त्या आकड्यावर सारांश लिहून एका कॉन्फरन्सला पाठवूनसुद्धा दिला. आणि तो वाचून कुरकुंभकडच्या एका बायोडिझेल कंपनीचे सौमित्र देव नावाचे साहेब म्हणाले, तोंडी परीक्षेला मीच बाहेरचा परीक्षक म्हणून येतो, आणि आकडा खरा असेल तर ह्या मुलीला आमच्या लॅबमध्ये घेतो.

आकडा खरा असेल तर. म्हणजे तोच प्रयोग लागोपाठ तीनदा करून तोच आकडा तीनदा यायला हवा. जानेवारीत तिने मोठ्या प्रमाणावर सुरुवात केली आणि तेव्हापासून एकदा, अगदी एकदासुद्धा, थर पडला नव्हता. मिथेनॉल बदललं. भांडी ओव्हनमध्ये भाजून घेतली. ढवळायचा वेग कमी केला, जास्त केला. सोमवारी नको म्हणून मंगळवारी केला. छे! साबण तो साबणच.

"अपेक्षा, आपण प्रोजेक्ट कशावर घेतलाय?" आपटे मॅडमनी विचारलं. मॅडम एरवी तिला अगंतुगं करायच्या. 'आपण' आलं की समजायचं, पारा चढलाय.

"बायोडिझेलवर, मॅडम."

"असं होय. मला वाटलं, कपडे धुण्यावर." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देवसाहेब पुढच्या शनिवारी येणार. त्यांना बाण्णव दाखवा. अठ्ठ्याऐंशी चालेल. पंच्याऐंशीसुद्धा मी चालवून घेईन. साबण चालणार नाही."

"मॅडम, मी सगळं तसंच करतेय. ऑगस्टमध्ये केलं अगदी तस्संच."

"मग तुझा हात बिघडलाय," मॅडम म्हणाल्या. विषय संपला.

हात बिघडलाय! अपेक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिना उतरताना तिला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला. हे वाक्य केमिस्ट्रीच्या पोरीला सांगणं म्हणजे गवयाला बेसूर म्हणण्यासारखं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, चार महिन्यांत तिला स्वतःलाही ते पटायला लागलं होतं.

लॅबमध्ये परत आली तर तिच्या टेबलापाशी अभिनव उभा. वाशिमचा पोरगा, कात्रजला रूम करून राहायचा, तिच्याच वर्गात. तोंडाने फटकळ, पण वर्गातल्या सगळ्यांची अडलेली कामं करून द्यायचा. तो तिची वही चाळत होता.

"तुझ्या ह्या तेलाची अ‍ॅसिड व्हॅल्यू किती?"

"पॉइंट नऊ. लिहिलंय ना."

"ते ऑगस्टचं हाय. जानेवारीपासून काय लिवलं तू?" त्याने वहीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं. "वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. काऊन? तेल वरून आलं का तुझं?"

आता ही अ‍ॅसिड व्हॅल्यू म्हणजे काही मोठं गूढ नाही. तेल जितकं जास्त तळावं तितकं त्यात आम्ल वाढतं, आणि आम्ल फार झालं की डिझेल होत नाही, साबण होतो. पहिल्या वर्षाचं पोरगंही हे सांगेल. म्हणून नवं तेल आलं की आधी ते तपासायचं असतं. पण तिचं तेल नवं नव्हतंच ना! त्याच गाडीवरचं, त्याच कढईतलं, त्याच बाईच्या हातचं. काय तपासायचं त्यात? जर्नल लिहिताना 'वरीलप्रमाणे' टाकायची कॉलेजातल्या सगळ्या पोरांची सवय, तशी तिने टाकली आणि पुढे गेली.

"तपास आत्ता," अभिनव म्हणाला.

तपासलं. कपाटाच्या मागे ऑगस्टच्या तेलाची एक छोटी बाटली शिल्लक होती, आधी ती घेतली. ब्युरेटच्या मोजनळीतून थोडा अल्कली पडला न पडला तोच द्रावण गुलाबी झालं. मग जानेवारीच्या कॅनमधलं काळं तेल घेतलं. थेंब पडत राहिले. गुलाबी रंग यायचा, हलवला की जायचा. पुन्हा यायचा, पुन्हा जायचा. ब्युरेट निम्मी रिकामी झाली तेव्हा कुठे रंग टिकला. अपेक्षाने हिशेब मांडला, पुन्हा मांडला. साडेसात!

"हे एका कढईतलं तेल नाहीच," अभिनव म्हणाला. "कुठून आणते तू?"

"सिंहगड रोडवरचा एक विक्रेता आहे," अपेक्षाने सांगितलं. वहीत, सारांशात, मॅडमसमोर, सगळीकडे तिने हेच सांगितलं होतं. स्थानिक विक्रेता. तो विक्रेता म्हणजे आपली सख्खी आत्या आणि ती धायरी फाट्यावर वडापावची गाडी लावते, हे सांगायला तिची जीभ कधी रेटली नव्हती. वर्गात कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचे काका जर्मनीत. आपण कशाला मध्येच आत्याची कढई काढायची?

त्या संध्याकाळी बसमध्ये उभ्याने लोंबकळत ती धायरीला उतरली ती घरी न जाता थेट गाडीपाशी गेली. मुक्ताबाई रायकर नेहमीसारख्या पदर खोचून उभ्या होत्या. सासरच्या शेतावर आता बाराबारा मजल्यांच्या इमारती होत्या, आणि भाऊबंदांना फ्लॅट मिळाले तेव्हा ह्यांच्या वाट्याला भांडणं आली. पण बाईचा ताठा गेला नाही. कुणापुढे हात पसरायचा नाही म्हणून नवरा गेल्यावर गाडी टाकली, त्याला चौदा वर्षं झाली.

"आलीस व्हय गं? वडा घे गरम."

"वडा नको. आत्या, ऑगस्टमध्ये तू मला स्टीलच्या डब्यात तेल दिलं होतंस. ते कुठलं होतं?"

"कुठलं म्हंजी? हितलंच." आत्याने नजर कढईत ठेवली.

"आत्या, मी तपासलंय. खोटं बोलू नकोस."

दोन गिऱ्हाईकं खात उभी होती. आत्याने त्यांना चटणी वाढली, मिरची वाढली, नको असताना पाणी दिलं. ती गेल्यावर हलक्या आवाजात म्हणाली, "नवा डबा फोडला व्हता. एक घाणा काढला वड्यांचा आन् तुला दिलं."

"पण मी तुला वापरलेलं तेल मागितलं होतं! काळं! टाकायचं असतं ते!"

"तू म्हणाली व्हतीस, म्याडम बघणारंय. कॉलेजात काचंच्या भांड्यात घालून समदी बघणारंयत. मंग काय तसलं पाठवू? बघाय आलेल्या पाव्हण्याला आपुन फाटकी चादर घालतो का?"

"आणि जानेवारीत? तेव्हा का नाही पाठवलंस तसलं?"

"एकदा बघून झालं व्हतं की. आन् तू धा लिटर मागितलंस, तुझा बाप स्कूटरवर कॅन घेऊन आला. आता रोज रोज पाव्हणा कोण म्हणतंय? जे हाय ते भरलं." आत्याने गाडीखाली पाहिलं. तिथे पोत्याने झाकलेला एक डबा होता. त्यात आठवडाभराचं काळं तेल साठायचं. तो डबा नेहमी झाकलेलाच असायचा, अपेक्षा लहानपणापासून बघत आली होती. बघत आली होती, पण त्याचा विचार तिने कधी केला नव्हता.

मग मात्र ती फुटली. भर रस्त्यात, पीएमटीच्या हॉर्नपेक्षा वरच्या पट्टीत. "चार महिने! चार महिने मी मरमर करतेय, आत्या! मॅडम म्हणतात माझा हात बिघडलाय. नोकरी जाणार माझी. कशासाठी, तर तुझं तेल चांगलं दिसावं म्हणून? कुणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला?"

आत्या ऐकून घेत होती. ती अशी ऐकून घेणाऱ्यांपैकी नव्हती, म्हणून ते जास्त बोचलं. सगळं बोलून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "म्याडमला ठावं हाय ना, तेल तुझ्या आत्याचं हाय म्हून?"

अपेक्षा रस्त्याकडे बघायला लागली. आत्या वाट बघत राहिली. कढईतला घाणा करपायला लागला तेव्हा तिने तो काढला.

"मंग झालं," ती म्हणाली. "म्या तेल झाकलं आन् तू मला. कुणी कुणाला बोलायचं?"

अपेक्षाला कानफटात बसल्यासारखं झालं. आत्याने मात्र गाडीच्या कप्प्यातून नवा डबा काढला, फोडला, दुसऱ्या कढईत ओतला, वड्यांचा एकच घाणा तळला आणि ते सोनेरी तेल गार करून पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून तिच्या हातात दिलं. "घे. ह्यानं कर. तुझं बाण्णव येतंय का न्हाय बघ."

दुसऱ्या दिवशी तिने आपटे मॅडमना खरंखरं सांगून टाकलं. आत्या सोडून. म्हणजे विक्रेत्याने पहिल्यांदा एकदाच तळलेलं तेल दिलं, असं.

मॅडमनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "एकदा तळलं म्हणजे वापरलेलंच झालं ना?"

"हो, पण मॅडम..."

"आपल्या शीर्षकात 'वापरलेलं तेल' आहे. किती वेळा वापरलेलं, हे कुठे लिहिलंय? त्याच तेलाचे तीन प्रयोग कर आणि मोकळी हो." मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे अकरा विद्यार्थी होते, शिवाय कॉलेज तपासायला कमिटी यायची होती. त्यांना मोकळं व्हायचं होतं आणि त्यांना खरंच वाटत होतं की ही पोरगीही मोकळी व्हावी.

अपेक्षाने सोनेरी तेलाचा प्रयोग लावला. दोन तासांत थर पडला. आहाहा! काय थर होता! मध्ये आखल्यासारखी रेघ, वर मधासारखं डिझेल. एक्क्याण्णव टक्के. टेबलामागून अभिनवने शिट्टी वाजवली. चार महिने ज्यासाठी ती तडफडली ते समोर स्टँडवर लटकत होतं, आणि तिला ते फनेल उचलून भिंतीवर आपटावंसं वाटलं. हे कोण ओततंय गटारात? एकदा तळलेलं तेल पुण्यात कुठला गाडीवाला टाकून देतो? ह्या तेलाचं डिझेल करायला प्रोजेक्ट कशाला हवा, दुकानातून पुडा आणला की झालं! ज्या काळ्या तेलासाठी तिने सगळ्यांचं हसू सोसलं ते तेल तिच्या अख्ख्या प्रोजेक्टमध्ये कुठेच नव्हतं. होती ती फक्त आत्याची लाज, काचेच्या भांड्यात घातलेली.

"उरलेले दोन लाव ना," अभिनव म्हणाला. "बघत काय बसली?"

"नाही लावत."

"पागल झाली का तू? नोकरी हाय ती!"

"माहितीय मला नोकरी आहे ती!" ती त्याच्यावर खेकसली, आणि टेबलाखालून काळ्या तेलाचा कॅन ओढला.

काळ्या तेलाला आधी आम्ल आणि मिथेनॉल घालून तासन्‌तास तापवावं लागतं, म्हणजे तेलातलं स्वतःचं आम्ल आधीच डिझेलमध्ये बदलतं आणि साबण व्हायचा थांबतो. मगच नेहमीचा प्रयोग. दुप्पट काम, चौपट कटकट. पहिल्यांदा फेस आला आणि निम्मं वाया गेलं. दुसऱ्यांदा थर पडला तो इतका गढूळ की रेघ शोधायला नाकी नऊ आले. पाच दिवसांत तिचे हात भाजले, घरी आईशी भांडण झालं. अभिनव शिव्या देत देत रोज संध्याकाळी तिची भांडी घासायला थांबला. शेवटी तीन आकडे हाती आले: अठ्ठावन्न, त्रेसष्ट, एकोणसाठ. सरासरी साठ.

प्रिंटला जायच्या आधी तिने अहवाल पुन्हा उघडला. 'स्थानिक विक्रेता' हे शब्द सात ठिकाणी होते. सातही ठिकाणचे तिने खोडले. त्या जागी लिहिलं: मुक्ताबाई जयसिंग रायकर यांची वडापावची गाडी, धायरी फाटा. तेल सहा दिवस तळलेलं. पहिल्या पानावर आभार मानताना लिहिलं: माझी आत्या. मॅडमनी सही करताना ते वाचलं, साठचा आकडा वाचला. "आपल्या जबाबदारीवर," एवढंच त्या म्हणाल्या. तरी सही केली.

शनिवारी देवसाहेब आले. सभ्य माणूस. अपेक्षाने दोन बाटल्या त्यांच्यापुढे ठेवल्या, एक सोनेरी आणि एक काळी.

"सारांशात बाण्णव वाचलं होतं मी," ते म्हणाले.

"सर, ते ह्या तेलाचं. हे माझ्या आत्याने मला दाखवायला म्हणून दिलं होतं. तिच्या गाडीवर रोज असतं ते हे. त्याचे साठ येतात."

त्यांनी काळी बाटली उजेडात धरली, बरेच प्रश्न विचारले, आणि तिने सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले, "काम प्रामाणिक आहे. पण साठ टक्क्यांवर प्लांट चालत नाही, मिस पोकळे. आम्हाला हवं होतं ते हे नाही." त्यांनी चांगले गुण दिले, चहा घेतला आणि गेले. आठवडाभराने कळलं, जागा दुसऱ्या कॉलेजच्या कुणाला तरी मिळाली.

एवढं करून हे! कुणी पाठ थोपटली नाही, कुणी म्हणालं नाही की शाब्बास. अपेक्षा धुमसतच निळ्या कव्हरचा बांधीव अहवाल घेऊन फाट्यावर गेली. आत्याने हात पदराला पुसले, पान उलटलं, इंग्रजी अक्षरांकडे पाहिलं.

"ह्यात माझं नाव कुठाय?"

अपेक्षाने बोट ठेवलं. आत्याने त्या ओळीवरून स्वतःचं बोट फिरवलं. "आन् म्होरला आकडा?"

"साठ. तुझ्या तेलाचे."

"आन् त्या चांगल्याचे?"

"एक्क्याण्णव."

"मंग माझ्या नावाम्होरं एक्क्याण्णव लिवायचं की गं, मेले! म्या दिलं व्हतं की तुला! तुझी नोकरी बी गेली आन् माझी अब्रू बी!" आत्याचा आवाज चढला, डोळे भरले. "पुसता येत न्हाय का?"

"नाही. छापलंय. एक प्रत लायब्ररीत राहणार, कायमची."

आत्याने अहवाल मिटला, पुसलेल्या फळीवर नीट ठेवला, तेलाचा शिंतोडा उडणार नाही इतका लांब. "मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. वाकून तिने गाडीखालच्या डब्यावरचं पोतं ओढून काढलं, घडी करून बाजूला टाकलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बस. सकाळपास्नं काय खाल्लं नसशील. वडा खा."

"कुठल्या तेलातला?" अपेक्षाने विचारलं.

आत्याने झारा कढईत घातला.

"तुझ्या पुस्तकातल्या."